पॅसिफिकमधल्या "उरलेल्या वसाहती": प्रदर्शनाच्या तक्त्यांसाठी नेमकी माहिती हवी

इतिहासमंडळ

नमस्कार. १२ जानेवारीला, हुतात्मा दिनी, कॉलेजात इतिहास मंडळाचं प्रदर्शन असतं. १९३० चं सोलापूर, मार्शल लॉ, चार हुतात्मे हे तक्ते कायमचे. यंदा त्याला जोडून पॅसिफिक बेटांचं एक दालन करायचं ठरलंय. विषय: "वसाहती संपल्या का?" मुलांनी कच्चा तक्ता केलाय, रकाने तीन: बेट, मालक देश, स्वतंत्र झालं की नाही. तो भरताना अडलेल्या गोष्टी अशा:

१. बेटं नेमकी कुठली धरायची? हवाई? कुक आयलंड्स?
२. न्यू कॅलेडोनियात २०२१ च्या सार्वमतात ९६ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. मग २०२४ मध्ये जाळपोळ कशासाठी?
३. अमेरिकन सामोआचे लोक अमेरिकेचं नागरिकत्व नको म्हणतात, हे खरं का?
४. मंडळातली बरीच मुलं मागवाल्यांच्या घरची आहेत. त्यांना तिथलं कापड मांडायचंय. काय मांडावं?
५. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात पॅसिफिक दोन तुकड्यांत येतो. उपाय?

जागा: ४ × ३ फुटांचे आठ फ्लेक्स आणि एक लांब टेबल.

जुनी_मिल

तिसरा रकाना आधी काढा, सगळा घोळ तिथे आहे. "स्वतंत्र झालं का" एवढंच विचारलं की विषय झेंड्यापाशी थांबतो, आणि या बेटांवरची खरी भांडणं तलाठी कार्यालयात नि निवडणूक शाखेत शोभतील अशी आहेत. त्याऐवजी तीन रकाने घ्या: सातबारा कुणाच्या नावावर, मतदार यादीत कोण, शाळेत भाषा कुठली. तुमचा दुसरा आणि तिसरा प्रश्न यातूनच सुटतो.

यादीचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या "स्वयंशासन नसलेल्या प्रदेशां"च्या यादीत १७ नावं आहेत, त्यांतली सहा पॅसिफिकमधली: ग्वाम आणि अमेरिकन सामोआ (अमेरिका), न्यू कॅलेडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशिया (फ्रान्स), पिटकेर्न (ब्रिटन), तोकेलाऊ (न्यूझीलंड). गाभा या सहांचा ठेवा. पण यादी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. १९५९ मध्ये हवाई राज्य झालं आणि यादीतून गेलं. राणी लिलिउओकलानीला १८९३ मध्ये पदच्युत केल्याबद्दल अमेरिकी संसदेनं १९९३ मध्ये माफीचा ठराव केला तरी नाव परत आलं नाही. न्यू कॅलेडोनिया १९८६ मध्ये आणि फ्रेंच पॉलिनेशिया १७ मे २०१३ ला यादीत परतले, दोन्ही वेळा फ्रान्सच्या नाराजीवर. कुक आयलंड्स (१९६५) आणि नियुए (१९७४) न्यूझीलंडशी "मुक्त सहयोगा"त आहेत: कारभार आपला, पासपोर्ट न्यूझीलंडचा. एका लहान चौकटीत बसवा, जास्त जागा देऊ नका. वालिस आणि फुतुना यादीत नाही, पण गंमत म्हणून घ्याच. राजाचं डोकं उडवणारं फ्रेंच प्रजासत्ताक तिथल्या तीन पारंपरिक राजांना १९६१ च्या कायद्यानं मान्यता देतं.

आता न्यू कॅलेडोनिया. याला दोन फ्लेक्स द्या. क्षेत्रफळ साडेअठरा हजार चौ. किमी, म्हणजे आपल्या जिल्ह्यापेक्षा थोडं मोठं. लोकसंख्या २०१९ च्या जनगणनेत २ लाख ७१ हजार, म्हणजे सोलापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी. क्रम असा ठेवा:

१८५३ ला फ्रान्सचा कब्जा. १८६४ ते १८९७ कैद्यांची वसाहत. वीस हजारांहून जास्त कैदी आणले, त्यांत १८७१ च्या पॅरिस कम्यूनमधले बंडखोर आणि अल्जेरियातले कबाईलही. १८६४ लाच निकेल सापडलं. सुटलेल्या कैद्यांना आणि गुरंवाल्या वसाहतदारांना जमीन हवी, म्हणून मूळ रहिवासी असलेल्या कानाक कुळांना राखीव पट्ट्यांत कोंबलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्य बेटाचा जेमतेम दहावा हिस्सा त्यांच्याकडे उरला होता. १८७८ चं कानाक सरदार अताईचं बंड यातूनच झालं: वसाहतदारांची गुरं कानाकांच्या सुरणा-कोनफळांच्या वाफ्यांत शिरत होती. अताईचं मुंडकं कापून पॅरिसला नेलं, ते २०१४ मध्ये परत आलं. १८८७ ते १९४६ "अँदिजेना" कायदा: परवानगीशिवाय पट्ट्याबाहेर जायचं नाही, रात्री गावात थांबायचं नाही, सक्तीची मजुरी.

आता मतदार यादी. १९७२ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी एका पत्रात स्पष्ट लिहिलं की फ्रेंच नागरिक मोठ्या संख्येनं तिथे पाठवले तर मूळ रहिवाशांची राष्ट्रवादी मागणी आटोक्यात राहील. निकेलच्या तेजीत तसंच झालं. आज कानाक सुमारे ४१ टक्के आहेत, म्हणजे सर्वांत मोठा गट, पण बहुमत नाही. १९८८ मध्ये ऊव्हेआ बेटावर ओलीसनाट्य झालं, गुहेवरच्या हल्ल्यात १९ कानाक आणि २ सैनिक गेले, मग समेटाचा मातिन्याँ करार आणि स्वशासन व सार्वमतं ठरवणारा १९९८ चा नूमेआ (राजधानीचं शहर) करार. नूमेआ करारानंतर प्रांतिक निवडणुकीची मतदार यादी गोठवली गेली: १९९८ नंतर आलेल्याला प्रांतिक मत नाही. फ्रान्सच्या अध्यक्षासाठी आहे, प्रांतासाठी नाही. सार्वमताची यादी आणखी वेगळी. एकाच गावात तीन याद्या, हे मुलांना आकृती काढूनच समजवावं लागेल.

२०२१ चं कोडं टक्क्यांत सुटत नाही, मतांत सुटतं:

४ ऑक्टोबर २०२०: हो ७१,५३३, नको ८१,५०३, मतदान ८५.७ टक्के.
१२ डिसेंबर २०२१: हो २,७४७, नको ७५,७२०, मतदान ४३.९ टक्के.

"नको"ची मतं कमी झाली आणि टक्केवारी ५३ वरून ९६ वर गेली. कोविडचे मृत्यू आणि सुतकाचे विधी यांमुळे तारीख पुढे न्या, अशी कानाक पक्षांची मागणी होती. फ्रान्सनं ऐकलं नाही, त्यांनी बहिष्कार घातला. फ्लेक्सवर पाय चार्ट टाकू नका, मतसंख्येचे उभे स्तंभ काढा. मग मे २०२४: दहा वर्षं राहिलेल्यांना प्रांतिक यादीत घ्यायचं विधेयक पॅरिसमध्ये मंजूर झालं त्याच सुमारास नूमेआ पेटलं. १४ जण गेले, विधेयक त्याच वर्षी गुंडाळलं. बेटाच्या भवितव्यावरच्या जुलै २०२५ च्या बूजिव्हाल करारावरही मुख्य कानाक आघाडीनं ऑगस्टमध्ये नकार कळवला.

जमिनीची आजची स्थिती एका ओळीत: कानाक प्रथेची जमीन विकता, बदलता, कुणाला देता किंवा जप्त करता येत नाही. म्हणून बँक ती तारण धरत नाही, म्हणून घरकर्ज अडतं. कुळाचा गट नोंदवून भाडेपट्टा करतात, ती पळवाट. ही बाजूही लिहा, नाहीतर प्रथा म्हणजे निव्वळ स्वर्ग असं चित्र होईल.

कायद्याचं_बोला

प्रश्न ३. खरं आहे, पण "सगळे" नको म्हणतात असं लिहू नका.

अमेरिकन सामोआत जन्मलेला माणूस अमेरिकेचा "नॅशनल" असतो, नागरिक नव्हे, आणि पासपोर्टवर तसा शेरा छापलेला असतो. अमेरिकेत राहता येतं, नोकरी करता येते, सैन्यात जाता येतं, पण नागरिकत्वाचा वेगळा अर्ज मंजूर झाल्याशिवाय तिथल्या निवडणुकीत मत नाही. कारण १९०० सालात आहे. तुतुइला या मुख्य बेटाच्या सरदारांनी बेट अमेरिकेच्या हवाली करणारं करारपत्र १७ एप्रिल १९०० ला दिलं, शेजारच्या मानुआ बेटांनी १९०४ ला. अमेरिकी संसदेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं थेट १९२९ मध्ये. मधल्या काळात १९०१ पासून "इन्सुलर केसेस" म्हणतात ते निकाल आले, ज्यांत न्यायालयानं ठरवलं की ही बेटं अमेरिकेच्या मालकीची असली तरी राज्यघटना तिथे आपोआप पूर्ण लागू होत नाही.

जमीन मात्र पहिल्यापासून वाचली. १९०० च्याच नौदल वटहुकमानं सामोअन नसलेल्यांना जमीन विकायला बंदी घातली. आज नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन सामाईक आहे, ती "मताई" म्हणजे कुळप्रमुखाच्या अखत्यारीत. सिनेटवरही नोंदणीकृत मताईच जातात, तेही सार्वत्रिक मतदानानं नव्हे. पूर्ण नागरिकत्व आलं तर समान संरक्षणाच्या तत्त्वावर कुणीतरी कोर्टात जाईल, वंशावर आधारलेला जमीन कायदा पडेल, ही भीती. म्हणून "फितिसेमानू" खटल्यात नागरिकत्व मागणारे सामोअन एका बाजूला आणि त्यांचंच बेट-सरकार विरुद्ध बाजूला होतं. २०२१ मध्ये अपील न्यायालयानं नागरिकत्व नाकारलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

ग्वामचं उलटं. १८९८ ला स्पेनकडून अमेरिकेकडे, नौदलाचा अंमल, १९४१ ते १९४४ जपान, आणि १९५० च्या कायद्यानं नागरिकत्व. पण युद्धानंतर जमिनी लष्करानं घेतल्या. आजही बेटाचा पाव हिस्सा किंवा थोडा जास्त लष्कराकडे आहे. नागरिक असूनही अध्यक्षाला मत नाही, संसदेतला प्रतिनिधी अंतिम मतदानात मत देऊ शकत नाही. शाळेत ग्वामच्या मूळ चामोरो भाषेवर १९१७ पासून नौदलाची बंदी होती. ती अधिकृत भाषा झाली १९७४ मध्ये.

न्यू कॅलेडोनियाशी तुलना करायची तर इथे करा. ग्वामनं राजकीय भवितव्यावर मत फक्त "मूळ रहिवाशां"चं घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे १९५० च्या कायद्यानं नागरिक झालेले आणि त्यांचे वंशज. २०१९ मध्ये अपील न्यायालयानं ते वांशिक भेद म्हणून रद्द केलं. जी मर्यादा फ्रान्सनं आपल्या घटनेत लिहून घेतली, ती अमेरिकेच्या घटनेत बसली नाही.

जुनी_मिल

@कायद्याचं_बोला, "नागरिकत्व आलं की जमीन जाईल" हे गृहीत धरल्यासारखं झालंय. ग्वामशेजारच्या, अमेरिकेच्याच ताब्यातल्या उत्तर मारियाना बेटांवर लोक नागरिक आहेत आणि तरीही मारियानाच्या वंशाबाहेरच्यांना जमिनीची कायम मालकी मिळत नाही. तो नियम "वाबोल" खटल्यात १९९० मध्ये अपील न्यायालयानं टिकवला. भीती खोटी नाही, पण अटळही नाही.

कायद्याचं_बोला

मान्य, फक्त एक फरक. मारियानाचा नियम अमेरिकेशी झालेल्या लेखी करारनाम्यात आहे. सामोआकडे तसा करारनामा नाही, आहे तो १९०० चा कागद. फ्लेक्सवर दोन्ही शेजारी ठेवा, मुलं प्रश्न विचारतील तेवढंच पुरे.

तोकेलाऊ विसरू नका: न्यूझीलंडशी "मुक्त सहयोग" हवा का, या २००७ च्या सार्वमतात ४४६ हो, २४६ नको. बहुमत ठणठणीत, पण दोन-तृतीयांशाची अट होती. १६ मतं कमी पडली. २००६ लाही असंच थोडक्यात हुकलं होतं. दीड हजारांची वस्ती आहे ती. दालनातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त वाचला जाणारा तक्ता हाच होईल.

नकाशेवाला

प्रश्न ५. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात करा.

मर्केटर प्रोजेक्शन घ्या, मध्य रेखांश शून्याऐवजी १८० ठेवा. लगेच आफ्रिका-युरोपातून आडवे पट्टे ओढलेले दिसतील, कारण शून्य रेखांश ओलांडणारे आकार आता फाटतात. म्हणून प्रोजेक्शन बदलण्याआधी मूळ थर कापून घ्या: १३५ पूर्व ते १८०, आणि १८० ते १२० पश्चिम. फिजीच्या मधून उभी रेघ दिसली तर आकारांची बाह्यरेषा बंद करा, ती शिवण आहे.

४ × ३ फूट म्हणजे १२२ × ९१ सेंमी. विषुववृत्तावर १ सेंमीला १०० किमी धरलं तर १४० पूर्व ते १२५ पश्चिम हा पट्टा साधारण १०६ सेंमी येतो. बसतो. पण या प्रमाणात ग्वाम अर्धा सेंमी, आणि तोकेलाऊचं अताफू अर्धा मिलिमीटर. दुरून काहीच दिसणार नाही. त्यामुळे जमीन नव्हे, समुद्र रंगवा: प्रत्येक बेटाभोवती २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र, म्हणजे ३७० किमी, नकाशात ३.७ सेंमी त्रिज्या. मर्केटरमध्ये २५ अंशांवर माप दहा टक्के फुगतं, तिथे ४ सेंमी घ्या. शेजारच्या देशाला भिडेल तिथे वर्तुळ मध्यावर कापा. याद्वारे एक गोष्ट न सांगता कळते: फ्रेंच पॉलिनेशियाची जमीन साडेतीन हजार चौ. किमी, सोलापूर जिल्ह्याच्या पाव. समुद्र भारताच्या जमिनीपेक्षा मोठा. फ्रान्सनं १९६६ ते १९९६ मध्ये १९३ अणुचाचण्या मोरुरोआ आणि फांगाताउफाला का केल्या आणि आजही ते क्षेत्र का सोडवत नाही, हे त्या निळ्या डागाकडे बघून समजतं.

तारीखरेषा सरळ काढू नका. आपियानं (स्वतंत्र सामोआची राजधानी) ३० डिसेंबर २०११ हा दिवस गाळून पश्चिमेची बाजू धरली, तोकेलाऊनंही. अमेरिकन सामोआची राजधानी पागो पागो आपियाहून सव्वाशे किमीवर, पण घड्याळ बरोबर २४ तास मागे. (उच्चार "पांगो पांगो" आहे, देवनागरीत लिहिताय तर तसंच लिहा.)

आणि फ्लेक्सवाल्याला युनिकोड मजकूर वर्डमध्ये देऊ नका. त्यांच्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात. अक्षरांचे आकार करून पीडीएफ द्या.

चाटी_गल्ली

कापडाचं सांगतो. तीन वस्तू, जास्त नकोत.

पहिली सियापो, सामोआचं सालीचं कापड. यात सूत नाही, माग नाही, ताणा-बाणा नाही. मागावरच्या पोरांना पहिल्यांदा हेच दाखवा. कागदी तुतीची सरळ काठी घेतात. वाढताना बाजूचे फुटवे खुडत जावे लागतात, नाहीतर त्या जागी कापडाला भोक. बुडाकडून साल एका ओढीत सोलायची, बाहेरची काळी साल काढून टाकायची, आतली पांढरी ओली ठेवून शिंपल्यांनी तिरक्या फळीवर खरवडायची. तीन तऱ्हांचे शिंपले लागतात, भरड ते बारीक. मग लाकडी ओंडक्यावर चौकोनी दांडक्यानं कुटायची, घडी घालून पुन्हा कुटायची. रुंदी अनेक पट वाढते. दगड ठेवून ताणून वाळवायची. भोकं अर्धकच्च्या आरारूटच्या खळीनं ठिगळं लावून बुजवतात. कोरीव फळीवर कापड पसरून वरून लाल मातीनं घासलं की नक्षी उठते. तपकिरी रंग "ओआ" झाडाच्या सालीचा, काळा अक्रोडासारख्या कुकुई बीच्या काजळीचा, पिवळा हळदीचा.

इथे करून बघायचं असेल तर रेशीमवाल्यांकडच्या तुतीच्या छाटलेल्या फांद्या घ्या, जात जवळची आहे. वीतभर तुकडा होईल, फाटेल, चालेल. त्याला "सालीचा नमुना" म्हणा, सियापो म्हणू नका.

दुसरी वस्तू "रोब मिशन". मिशनऱ्यांनी अंग झाकायला शिकवलेला घोळदार झगा: खांद्यापाशी पट्टी, तिथून चुण्या, सैल घेर, फुगीर बाही, कडेला लेस. ज्या झग्यानं उघड्या अंगाची लाज शिकवली तोच आज कानाक बायकांचा ओळखीचा पोशाख आहे, आणि तोच घालून त्या क्रिकेट खेळतात. हो, फ्रेंच मुलखात क्रिकेट. न्यू कॅलेडोनियातल्याच लॉयल्टी बेटांवर इंग्रज मिशनरी फ्रेंचांच्या आधी पोहोचले होते. फुलाफुलांचं पॉपलीन, मोठ्या पन्ह्याचं साडेतीन मीटर, कुठलाही शिंपी शिवून देईल. हँगरवर टांगा, मुलींना घालून उभं करू नका.

तिसरी, ताहितीची "तिफाइफाइ", एका रंगाच्या चादरीवर दुसऱ्या रंगाची फुलं-पानं कापून शिवलेली. मिशनऱ्यांच्या बायकांकडून आलेलं शिवण, आता लग्नात आणि मयतीत पांघरतात. कापून शिवायची पद्धत गोधडीवाल्या आजी मिनिटात ओळखतील.

गवताचे घागरे, नारळाच्या करवंट्या, चेहऱ्याला काळं, हे काही नको. १९३१ च्या पॅरिस वसाहती प्रदर्शनाच्या वेळी शंभराहून जास्त कानाकांना नरभक्षक म्हणून बागेत मांडलं होतं आणि त्यांतल्या काहींना मगरींच्या बदल्यात जर्मनीला पाठवलं होतं. प्रदर्शन लावणाऱ्यानं हे माहीत ठेवूनच टेबल मांडावं.

इतिहासमंडळ

सगळ्यांचे आभार, रकाने बदलतोय. शेवटचं एक. १९३० च्या सोलापूरला जोडणारा दुवा हवा. मुलं म्हणतात ऊव्हेआची गुहा आणि आपले हुतात्मे एका फ्लेक्सवर घेऊ.

जुनी_मिल

ते नको. ऊव्हेआत आधी पोलीस मारले गेले, ओलीस धरले गेले, तो वेगळा प्रसंग आहे, आणि कानाकांतही त्यावर एकमत नाही. मातिन्याँ करारावर सही करणारे कानाक नेते ज्याँ-मारी जिबाऊ पुढच्या वर्षी त्याच बेटावर एका कानाकाच्याच गोळीला बळी पडले.

दुवा हवा तर आपिया घ्या. पश्चिम सामोआ (आजचा स्वतंत्र सामोआ) १९१४ पासून न्यूझीलंडकडे होता. ७ नोव्हेंबर १९१८ ला ऑकलंडहून "तालुने" बोट आली, आजारी माणसांना उतरू दिलं, आणि फ्लूनं सुमारे ८,५०० लोक गेले, पाचातला एक. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयरनं बंदर बंद ठेवलं, तिथे एकही मृत्यू नाही. न्यूझीलंडच्या राजवटीविरुद्धच्या "माऊ" चळवळीचा राग यातून धुमसत होता. निळ्या लावालावावर (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) पांढरा पट्टा हा त्यांचा गणवेश, "सामोआ मो सामोआ" ही घोषणा. २८ डिसेंबर १९२९ ला आपियात निःशस्त्र मिरवणुकीवर गोळीबार झाला, माऊचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे लोकांना शांत करताना पडले. जानेवारीत संघटना राजद्रोही ठरवली. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ मध्ये माफी मागितली.

आपियातल्या गोळीबारानंतर चारच महिन्यांनी, ८ मे १९३० ला, सोलापुरात गोळीबार, १२ मेला मार्शल लॉ, झेंडा बाळगला म्हणून सक्तमजुरी. दोन शहरं, दोन साम्राज्य-कारभार, सलग पाच महिने. एका फ्लेक्सवर दोन उभ्या पट्ट्या काढा, महिने समोरासमोर येऊ द्या, मधे काही लिहू नका. "आपियाकडून प्रेरणा" असलं वाक्य कुणी घुसवलं तर खोडा, तसा पुरावा नाही. आणि पट्टीच्या तळाशी "स्वतंत्र: १ जानेवारी १९६२" हे पश्चिम सामोआखालीच येईल एवढं बघा, छपाईवाला तो मजकूर उचलून अमेरिकन सामोआच्या फ्लेक्सवर चिकटवतो, हे हमखास होतं.